मुलीनेच घर सोडायचं, हा नियम नक्की कुठल्या निसर्गातला?

सईबाई_दहिसर

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा साखरपुडा होता. पंगतीत विषय निघाला की नवरी मुलगी लग्नानंतर कांदिवलीला, आईच्याच सोसायटीत भाड्याने जागा घेणार आहे. शेजारच्या पानावरच्या एका गृहस्थांनी श्रीखंडाची वाटी संपवत ठणकावून सांगितलं, "मुलीने घर सोडायचं हा निसर्गनियम आहे. प्राण्यांतसुद्धा तसंच असतं." कार्य आमच्या घरचं, म्हणून मी गप्प बसले. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

कारण आमची बिल्डिंग नॅशनल पार्कच्या भिंतीला खेटून आहे. वानरं गच्चीवर येतात, चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुंड्यांतली जास्वंद खुडून खातात. त्यातली एक म्हातारी, डावा कान फाटलेली, मी इथे राहायला आले तेव्हापासून त्याच टोळीत आहे. हुप्प्या मात्र बदलला. आता पाण्याच्या टाकीवर ऐटीत बसतो त्याच्या शेपटीचं टोक तुटलेलं आहे, आधीच्याची शेपूट अखंड होती. म्हणजे बायका त्याच, पुरुष नवा. मग घर कुणी सोडलं?

जाणकारांनी सांगावं. माकडं, वानरं, चिंपांझी यांच्यात वयात आल्यावर कोण बाहेर पडतं? आणि माणसाचं मूळ वळण काय? भांडण नको, माहिती हवी. भांडायचंच असेल तर माहितीसकट भांडा.

पॉपकॉर्न_पांडू

पहिला! खुर्ची टाकून बसलोय.

कान्हेरीचा_काळू

सईताई, फाटक्या कानाच्या बाई बहुतेक त्याच टोळीत जन्मल्या असणार. त्यांची आईही.

आपल्याकडे गल्लत होते म्हणून आधी एक सांगतो. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, पानं ओरबाडणारं ते वानर. कान्हेरीच्या पायऱ्यांवर लोकांच्या हातातली काकडी आणि वेफर्सची पाकिटं पळवणारी ती माकडं. दोघांचा स्वभाव वेगळा, आहार वेगळा. पण घर सोडण्याच्या बाबतीत नियम एकच: मुली आईजवळ राहतात, मुलगे बाहेर पडतात. वानरांमध्ये बऱ्याच टोळ्यांत एकच मोठा नर, बाकी माद्या आणि पिल्लं. बाहेर पडलेले नर मिळून आपली वेगळी टोळी करतात आणि कुठे हुप्प्या म्हातारा झालाय, कुठे गाफील आहे, यावर डोळा ठेवून हिंडतात.

याचा परिणाम बघायचा असेल तर टोळीत नुकतं जन्मलेलं पिल्लू असताना बघा. आईचा रंग राखाडी, पिल्लू काळपट, लांबूनही ओळखू येतं. पहिल्याच दिवशी ते या हातातून त्या हातात जातं. मावशी घेते, आजी घेते, ज्यांना अजून पिल्लू झालेलं नाही अशा पोरीसोरी तर ओढूनच नेतात, कधी उलटं धरतात, ते किंचाळतं, मग तिसरीच येऊन सोडवते. आई तेवढ्यात शांतपणे पाला खाऊन घेते. आपलं मूल इतक्या बिनधास्त दुसरीकडे द्यायचं, तर ती दुसरी सख्खी असावी लागते. आणि ती असते, कारण सगळं माहेरच आहे. त्या टोळीत मावश्या पायलीला पन्नास, आत्या औषधालाही नाही.

ठाण्याची_ठमा

मावश्या भरपूर आणि आत्या नाहीत! कुठे अर्ज करायचा?

आत्याबाई_मुलुंड

निषेध.

कुलकर्णी_काका_पार्ला

सोयीची उदाहरणं निवडायची आणि मग टाळ्या पिटायच्या, ही या संस्थळाची जुनी खोड. वानर आणि माकड माणसाचे लांबचे नातेवाईक. त्यांच्या आणि आपल्या वाटा अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. जवळचा कोण? चिंपांझी. तिथे कोण घर सोडतं ते सांगा की! मुलगी. ती वयात आली की शेजारच्या समूहात जाते, मुलगे जन्मभर बापभावांबरोबर राहतात. ते पंगतीतले गृहस्थ अगदीच वेडे नव्हते.

(तो मी नव्हे. मला श्रीखंड वर्ज्य आहे.)

मानसमैना

काका बरोबर सांगताहेत, चिंपांझींत साधारण असंच आहे. पण पुढचंही ऐका.

टांझानियातल्या गोंबेला जेन गुडाल १९६० मध्ये चिंपांझींचा अभ्यास करायला गेल्या. तिथली सगळ्यात प्रसिद्ध माता फ्लो. ती १९७२ मध्ये गेली तेव्हा लंडनच्या संडे टाइम्सने तिचा मृत्युलेख छापला होता. तिची मुलगी फिफी घर सोडून गेलीच नाही. जन्मली तिथेच राहिली, वरच्या मानाची झाली, भरपूर पिल्लं झाली. आणि ती एकटी नव्हे. गोंबेत बऱ्याच मुली जन्मल्या समूहातच राहतात, विशेषतः आई वजनदार असेल तर. आईचा हात डोक्यावर असला, चांगली फळझाडं आईच्या ताब्यात असली, तर कशाला जायचं परक्या बायकांचा मार खायला? नव्या समूहात आलेल्या मुलीला तिथल्या जुन्या माद्या खरोखर मारतात.

गोरिलांत मुलगेही बाहेर पडतात आणि मुलीही. ओरांगउटान तर संसारच करत नाही, जो तो आपापल्या झाडावर.

आणि चिंपांझीइतकाच जवळचा दुसरा नातेवाईक आहे बोनोबो. काँगो नदीच्या पलीकडचा. तिथेही मुलगी घर सोडते. पण आल्या घरात या परक्या मुली एकमेकींशी घट्ट जुळवून घेतात आणि एखादा नर अंगावर आला तर चौघी मिळून त्याला पळवून लावतात. म्हणजे घर सोडण्याचा नियम तोच, तरी संसार पूर्ण वेगळा. त्यामुळे "मुलगी जाते" एवढ्यावरून "म्हणून तिने दबून राहावं" असा धागा कुणी ओढत असेल तर तो बोनोबोकडे तुटतो.

मानसमैना

एक राहिलंच. बोनोबो मुलगा आईला सोडत नाही आणि आईही त्याला सोडत नाही. आई त्याच्यासाठी जागा करून देते, तो मादीजवळ असताना दुसऱ्या नरांना हुसकते. २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की आई समूहात असेल तर मुलगा बाप होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते. चिंपांझींत आईच्या असण्याने असा फायदा दिसला नाही.

लोकलमास्तर

म्हणजे बोनोबोच्या आईने वधूवर सूचक मंडळ काढलंय. फोटो, पत्रिका, पगाराची स्लिप, सगळं आईच बघणार. चिरंजीव झाडाखाली मोबाइल बघत बसलेले.

ठाण्याची_ठमा

पार्ल्यात असे बरेच बोनोबो पाहिलेत. काका, तुम्हाला नाही म्हटलं.

डॉ_टोचण

चर्चा सासर-माहेरवर अडकली आहे. धाग्यात जोडी जमवण्याचाही मुद्दा आहे, तर थोडं शरीरशास्त्र. लहान मुलं झोपली आहेत असं गृहीत धरतो.

एखाद्या प्राण्याचं खासगी आयुष्य त्याच्या शरीरावर लिहिलेलं असतं. पहिली खूण नर-मादीच्या आकारातला फरक. गोरिला नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, कारण माद्यांचा सगळा गोतावळा एकट्याने राखायचा तर दांडगाई लागते. गिबन जोडीने राहतो, तिथे नर-मादी जवळपास सारखे. माणसात पुरुष थोडा मोठा, म्हणजे गिबनपेक्षा जास्त आणि गोरिलापेक्षा खूपच कमी फरक.

दुसरी खूण वृषणांचा आकार. दीडशे किलोच्या वरचा गोरिला, पण त्याची दोन्ही मिळून साधारण ३० ग्रॅम. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा चिंपांझी, त्याची १२० च्या आसपास. कारण चिंपांझी मादी एकाच काळात अनेक नरांकडे जाते, तेव्हा खरी स्पर्धा तिच्या शरीरात होते आणि ज्याचं बियाणं जास्त त्याचा नंबर लागण्याची शक्यता जास्त. हारकोर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अनेक जातींचे आकडे मांडून हे दाखवलं. माणूस ४० ग्रॅमच्या आसपास. शरीराच्या मानाने गोरिलापेक्षा जास्त, चिंपांझीच्या पासंगालाही नाही. यावरून काय समजायचं? पूर्वजांत जोड्या होत्या, बऱ्यापैकी टिकत होत्या, पण सगळंच काही सत्यनारायणाच्या पूजेसारखं सोवळ्यात नव्हतं.

पॉपकॉर्न_पांडू

धागा ऑफिसात उघडला होता. मागे साहेब उभे होते. धन्यवाद डॉक्टर.

कुलकर्णी_काका_पार्ला

डॉक्टर, जोडीने राहणं माणसाच्या रक्तात आहे हे तरी मान्य करा. राजेरजवाडे सोडले तर सर्वसामान्य माणूस एकाच बायकोवर संसार करत आला आहे.

डॉ_टोचण

एका बायकोवर संसार करत आला हे खरं, पण त्याचं बरंचसं श्रेय खिशाला आहे. मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या हजाराहून जास्त समाजांची नोंद केली, त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक समाजांत एकापेक्षा जास्त बायका करायला परवानगी होती. आणि त्याच समाजांत बहुतेक पुरुषांना एकच होती. परवानगी असणं आणि परवडणं यात फरक आहे, हे मुंबईत जागा शोधणाऱ्याला सांगायला नको.

आणि "जोडी का?" यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. २०१३ च्या जुलैत, एकाच आठवड्यात, दोन शोधनिबंध आले. ओपी आणि सहकारी म्हणाले, माकड-वानर-माणूस या सगळ्या वर्गात नर मादीला चिकटून राहू लागला तो पिल्लाला परक्या नरापासून वाचवायला. ल्यूकस आणि क्लटन-ब्रॉक यांनी अडीच हजार सस्तन जाती तपासून सांगितलं की छे, माद्या एकमेकींपासून लांब लांब राहू लागल्या तेव्हा एका नराला एकीपेक्षा जास्त सांभाळता येईना, म्हणून जोडी. त्यांच्या हिशोबात सस्तन प्राण्यांतल्या जेमतेम नऊ टक्के जाती जोडीने राहतात. माझा कल माणसाच्या बाबतीत पहिल्याकडे आहे, कारण आपली पूर्वज मंडळी घोळक्यात राहत होती, माद्या विखुरलेल्या नव्हत्या.

नवखा_नितीन

परक्या नरापासून पिल्लाला वाचवायचं म्हणजे? वानरं पिल्लं मारतात का? आमच्याकडे हनुमानाचे अवतार म्हणून शनिवारी चणे घालतात त्यांना.

कान्हेरीचा_काळू

मारतात. आणि ही गोष्ट जगाला कळली ती आपल्याच भागातल्या वानरांमुळे. धारवाडच्या जंगलात सुगियामा नावाच्या जपानी संशोधकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिलं की नवा नर टोळी जिंकतो आणि अंगावर पिणारी पिल्लं मारतो. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की गर्दीमुळे माथी फिरली असतील. मग सारा हर्डी ही अमेरिकन बाई १९७१ पासून माउंट अबूला वानरांच्या मागे फिरली. तिचं म्हणणं, हे वेड नाही, यात हिशोब आहे. पाजणारी मादी लगेच पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लू गेलं की ती लवकर माजावर येते. नव्या हुप्प्याच्या हातात वर्ष-दोन वर्षंच असतात, कारण बाहेर दुसरे टपलेले आहेतच. तिच्यावर त्या काळी खूप टीका झाली. पण १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या विष्ठेतून डीएनए काढून पाहिलं, तेव्हा मारणारे नर मेलेल्या पिल्लांचे बाप निघाले नाहीत.

मला हर्डीबाईंचं जास्त पटलेलं निरीक्षण वेगळंच आहे. तोपर्यंतच्या बहुतेक लिखाणात मादी म्हणजे बिचारी बक्षिसाची वस्तू, जो जिंकेल त्याची. हिने दाखवलं की मादी स्वतः डाव टाकते. टोळीबाहेरच्या नरांकडे जाते, कधी तर आधीच गाभण असतानाही जाते, म्हणजे उद्या त्यांच्यापैकी कुणी टोळी जिंकली तर हे पिल्लू आपलंच असेल असं त्याला वाटावं. आणि नवा नर अंगावर आला तर आई, आजी, मावश्या मिळून लढतात. हर्डीने नोंदवलेल्या लढायांत सगळ्यात पुढे म्हाताऱ्या माद्या असत.

सईबाई_दहिसर

आमच्या फाटक्या कानाचं कोडं सुटलं बहुतेक. आणि निसर्गनियमवाल्यांना एक विचारायचं राहिलं: हुप्प्याचा हा नियम पंगतीत कुणी का सांगत नाही?

डॉ_टोचण

+१. निसर्गातून दाखले काढायचे तर पिशवी पूर्ण ओतावी लागते.

लोकलमास्तर

मंडळी, विरार फास्टमध्ये उभ्याने टाइप करतोय, शुद्धलेखन सोडून द्या.

सगळे मारामारीबद्दल बोलतायत म्हणून एक चांगली बातमी. पोर्तो रिकोला लागून कायो सान्तियागो नावाचं पिटुकलं बेट आहे. १९३८ मध्ये तिथे आपल्या भारतातून चारशेच्या वर लालतोंडी माकडं जहाजाने नेऊन सोडली, अभ्यासासाठी. आज तिथे आहेत ती सगळी त्यांचीच नातवंडं-पतवंडं. म्हणजे सगळी आपलीच माणसं, व्हिसावर गेलेली. तर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ आलं आणि बेटावरची झाडं झोपली. तिथलं ऊन म्हणजे भाजून काढणारं. सावलीचे तुकडे उरले मोजके. ही जात एरवी महाभांडखोर, जवळ कुणी बसलेलं खपत नाही. पण वादळानंतर ही माकडं एकमेकांना सावलीत बसू द्यायला लागली. नातेवाईकच नाही, ज्यांचा काही संबंध नाही त्यांनाही. आणि पुढची काही वर्षं मोजल्यावर दिसलं की ज्यांनी जास्त जणांना शेजारी बसू दिलं ते जास्त जगले.

ही चौथी सीट आहे, भावांनो. तीन जणांच्या बाकावर चौथा टेकतो, अर्धा बाहेर लटकतो, पण टेकतो. थोडं सरकून घ्या म्हटलं की सरकतात. कायो सान्तियागोला जे चक्रीवादळाने शिकवलं ते आम्हाला वसई-नालासोपाऱ्याने शिकवलं.

ठाण्याची_ठमा

लेडीज डब्यात ये एकदा. तिथे चौथी सीट मागितली की कळेल उत्क्रांती कुठवर आलीय.

आत्याबाई_मुलुंड

लेडीज डब्याची बदनामी खपवून घेणार नाही. आमच्या ग्रुपने कितीतरी जणींची डोहाळजेवणं त्याच डब्यात केली आहेत, तीही मुलुंड ते भायखळ्याच्या मध्ये.

शिलाँगवाला_शिऱ्या

नोकरीनिमित्त काही वर्षं शिलाँगला होतो. खासी लोकांत घर मुलीचं. त्यातही सगळ्यात धाकट्या मुलीचं. आईवडील तिच्याकडे राहतात, वडिलोपार्जित घर तिच्याकडे जातं, जावई तिच्या घरी येतो. आमच्या ऑफिसातला एक जण लग्नानंतर सामान घेऊन सासरी गेला, तेव्हा आम्ही मराठी मंडळी त्याला घरजावई म्हणून चिडवायचो आणि त्याला त्यात चिडण्यासारखं काय आहे हेच कळायचं नाही.

गंमत म्हणजे लालतोंड्या माकडांतही आईनंतर मान मिळतो तो धाकट्या मुलीला. जपानी माकडांमध्ये कावामुरा यांनी १९५८ मध्ये हे लिहिलं: मुलीला आईच्या खालोखाल मान, आणि बहिणी-बहिणींत धाकटी वरचढ. कारण भांडणात आई नेहमी सगळ्यात लहानीची बाजू घेते.

पॉपकॉर्न_पांडू

थोरला भाऊ म्हणून सांगतो, हा नियम सांगायला माकड लागत नाही.

मानसमैना

शिऱ्या, दोन्हीकडे धाकटीच, पण कारणं निराळी. खासींत तो वारशाचा आणि आईबापांना सांभाळण्याचा करार आहे, माकडांत भांडणातली पार्टी. माकडांवरून खासी सिद्ध करायला गेलो की आपणही पंगतीतले गृहस्थ.

नवखा_नितीन

माझा थोडा बाळबोध प्रश्न. कुणीतरी घर सोडायचं ते रक्ताच्या नात्यात लग्न होऊ नये म्हणून ना? मग आमच्याकडे मामाची मुलगी चालते, किंबहुना पहिला हक्क तिच्यावर मानतात. माझ्या मोठ्या भावाचं तसंच झालंय, लालबागला मामाच्या घरी मांडव पडला होता. निसर्ग कुठे गेला?

मानसमैना

बाळबोध नाही, फार चांगला प्रश्न आहे. निसर्गाने नात्याची वंशावळ कुणाला वाचता येईल असं केलेलंच नाही. त्याने एक सोपी खूण दिली आहे: ज्याच्याबरोबर लहानपणी एका घरात वाढलात त्याच्याबद्दल मोठेपणी ओढ वाटत नाही. वेस्टरमार्कने हे १८९१ मध्ये मांडलं. पुढे आर्थर वुल्फ यांनी तैवानमध्ये याचा पुरावा शोधला. तिथे काही घरांत तान्ही मुलगीच सून म्हणून आणत आणि भावी नवऱ्याबरोबर वाढवत. मोठेपणी त्यांचं लग्न लावलं तर अशा जोडप्यांना मुलं कमी होत आणि घटस्फोट जास्त. रक्ताचं नातं शून्य, पण बालपण एकत्र गेलेलं.

मामाची मुलगी उलट. नातं जवळचं, पण ती वाढते दुसऱ्या घरात, भेट सुट्टीत. म्हणून ती खूण तिथे लागत नाही. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या पुस्तकात भारताचे नात्यांनुसार विभाग केले, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. उत्तरेत मुलगी लांबच्या गावी, अनोळखी घरी देतात. दक्षिणेत नात्यात देतात, सासू म्हणजे आत्याच असते बऱ्याचदा. आपण मधे आहोत. दोन्ही प्रथा एकाच देशात शेकडो वर्षं सुखाने चालल्या, यावरूनच कळतं की यात निसर्गाचा वाटा किती आणि शेतजमिनीचा किती.

आत्याबाई_मुलुंड

शेवटी आत्या सासू झालीच! मगाशी वानरांत आत्या नाहीत म्हणून खुश होणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

ठाण्याची_ठमा

थट्टा बाजूला ठेवून माझं सांगते. लग्न झाल्यावर डोंबिवलीला सासरी होते. पहिलं मूल झालं आणि आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की घोडबंदर रोडला, आईच्या शेजारच्या विंगमध्ये जागा घ्यायची. सासूबाईंना गुडघ्यांमुळे धावपळ जमत नव्हती, पाळणाघराचा अनुभव वाईट होता. आई सकाळी साडेसातला येते, लेकाला शाळेच्या बसमध्ये चढवते, मग तिचा चहा, मग तिचा भजनाचा क्लास. ती नसती तर माझी नोकरी केव्हाच सुटली असती. नातेवाईकांत मात्र "जावई सासूच्या पदराखाली गेला" असं दोन वर्षं चाललं होतं.

मग कुठेतरी आजीच्या सिद्धांताबद्दल वाचलं. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी टांझानियातल्या हादझा लोकांत राहिले. तिथे कडक जमीन खणून कंद काढावे लागतात, लहान मुलांना ते जमत नाही. मुलीला नवं बाळ झालं की आधीच्या मुलांचं पोट आजीच्या खणण्यावर चालतं. त्यांचं म्हणणं असं की बाईची पाळी जाऊनही ती पुढे कितीतरी वर्षं ठणठणीत जगते, त्याचं मूळ या नातवंडांत आहे. बहुतेक प्राण्यांत मादी पिल्लं होणं थांबल्यावर फार जगत नाही. आपण आणि काही देवमासे अपवाद.

कुलकर्णी_काका_पार्ला

हे मात्र मनापासून पटलं. पण आजोबांचा काही सिद्धांत आहे का? मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून नातवाला पोहायला नेतो, त्याची कुठे नोंद होत नाही.

ठाण्याची_ठमा

घेतली, काका. इथे घेतली.

मानसमैना

रात्र झाली, पण सईताईंचा मूळ प्रश्न अर्धा राहिलाय: माणसाचं मूळ वळण काय?

जुने पुरावे काकांच्या बाजूने थोडे झुकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या दातांत स्ट्रॉन्शियम मोजलं, त्यावरून बालपण कुठल्या मातीत गेलं ते कळतं. मोठे दात, म्हणजे बहुधा नर, बहुतेक तिथल्याच मातीतले. लहान दातवाले, म्हणजे बहुधा माद्या, बऱ्याचशा बाहेरून आलेल्या. स्पेनमधल्या एल सिद्रोनच्या निअँडर्थल (आता नामशेष झालेली मानवजात) समूहातही पुरुषांचा आईकडचा वंश एकच आणि बायकांचे वेगवेगळे निघाले. नमुना अगदी लहान आहे, पण आहे.

आजच्या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांकडे मात्र चित्र वेगळं आहे. २०११ मध्ये किम हिल आणि सहकाऱ्यांनी अशा ३२ समाजांची माहिती एकत्र केली. एका तळावरचे बरेच लोक एकमेकांचे रक्ताचे नातेवाईकच नसतात. कुणी नवऱ्याच्या माणसांत राहतं, कुणी बायकोच्या, आणि हे बदलत राहतं. बहीण-भाऊ मोठेपणीही एकाच तळावर सापडतात. २०१५ मध्ये डायबल यांनी फिलिपिन्समधल्या आग्ता आणि काँगोतल्या बायाका लोकांवर काम करून कारण दाखवलं: कुठे राहायचं हे नवरा-बायको दोघं मिळून ठरवत असतील तर टोळी अशी मिसळ होते. एकट्या पुरुषाच्या हातात निर्णय असेल तर त्याचे भाऊबंदच गोळा होतात. आणि गुरं हातात आली की भाऊबंदांचं पारडं आणखी जड होतं. होल्डन आणि मेस यांनी आफ्रिकेतल्या बांटू भाषक समाजांत पाहिलं की गाई पाळायला लागल्यावर आईकडून चालणारा वंश मोडतो आणि मुलाकडे जातो.

पण माणसाचं खरं वेगळेपण मला दुसरीकडेच वाटतं आणि ते बर्नार शापे या मानववंशशास्त्रज्ञाने २००८ मध्ये नीट मांडलं. चिंपांझी मुलगी गेली की गेली. तिचा भाऊ तिला पुन्हा बहीण म्हणून भेटत नाही, तिचं पिल्लू त्याच्या लेखी परक्या समूहाचं. आणि परक्या समूहाचं म्हणजे शत्रूचं: गोंबेत १९७४ ते १९७८ मध्ये एकाच समूहाचे दोन गट झाले आणि एका गटाने दुसऱ्यातले नर एकेक करून मारले. माणसात मुलगी गेली तरी तिचा बाप ओळखीचा, भाऊ ओळखीचा, नवरा ओळखीचा. तिच्या मुलाला मामा असतो. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे मामा उभा असतो, जावळाला मांडीवर मामा घेतो, भाऊबीजेला गाड्या भरून वाहतात. ज्या टोळीत आपली बहीण नांदते त्या टोळीवर हल्ला करणं कठीण होतं. शापे यांच्या मते समूहासमूहांत शांतता सुरू झाली ती इथे, मेव्हण्या-मेव्हण्यांत.

म्हणून कोण घर सोडतं यात आपण बाकीच्यांसारखेच, कधी ही कधी तो. सोडल्यावरही येणं-जाणं चालू ठेवणं, हे आपलं.

कुलकर्णी_काका_पार्ला

म्हणजे दिवाळसणाला जावयाला अंगठी घालतात तो तहाचा खर्च म्हणायचा.

लोकलमास्तर

काका आज फॉर्मात.

डॉ_टोचण

शापे यांचा तर्क सुंदर आहे, पण मेव्हणे-मेव्हणे एकमेकांचे जीव घेतात याचे दाखले इतिहासात ढिगाने आहेत. सोयरीक करून शांतता राहिली असती तर युरोपातल्या राजघराण्यांनी १९१४ मध्ये घरीच बसायला हवं होतं. इंग्लंडचा राजा आणि जर्मनीचा कैसर सख्खे आते-मामेभाऊ होते.

मानसमैना

डॉक्टर, हल्ला होतच नाही असं कुणी म्हटलंय? चिंपांझींत तर बोलणी करायला मधला माणूसच नसतो.

नवखा_नितीन

मग दोघांनीही घर सोडायचं, असं कुणी करतं का? मी आणि होणारी बायको तोच विचार करतोय. दोन्हीकडे कुणाचा राग नको.

कान्हेरीचा_काळू

गिबन. आसामात जोरहाटजवळ होलोंगापारला हूलॉक गिबनांसाठी अभयारण्य आहे, जाऊन बघण्यासारखं. मुलगा आणि मुलगी दोघंही वयात आली की आईबाप हळूहळू त्यांना लांब करतात. मग ती बऱ्याचदा शेजारच्याच झाडांत स्वतःची हद्द शोधतात, जोडीदार मिळाला की संसार तिथे. सकाळी नवरा-बायको मिळून गातात, सगळ्या रानाला ऐकू जातं की ही जागा भरलेली आहे.

लोकलमास्तर

नितीनभाऊ, कल्पना उत्तम. फक्त गिबनला डिपॉझिट, ब्रोकरेज आणि अकरा महिन्यांचा करार नसतो. आणि सकाळी जोडीने गायलात तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सायंकाळपर्यंत नोटीस लावतील.